जपानी कॅमेरा : मालकिणीचं मत

१५ जानेवारी १९८४, रविवार

ही डायरी आक्कानं दिली. आक्का म्हंजे आमच्या सदर बाजारात बायकांचा लिहा-वाचायचा वर्ग घेते ती मास्तरीण. म्हणाली, चाँदबी चाची, रोज चार ओळी लिहा, न्हाईतर आलेलं जातंय. मी लहानपणी दुसरीपर्यंत शाळेत गेलते. मग आईचं बाळंतपण आलं आणि पाटी गेली ती आता साठी उलटल्यावर परत हातात आली. घरात आमची बोली येगळी, पर लिहायला आलं ते मराठीच. आक्का म्हणते, बोलताना तुम्ही बायका ‘मी गेलो, मी आलो’ म्हणता ते चालंल, लिहिताना ‘गेले, आले’ लिहा. बरं बाई, लिहिते.

काल माझा दिलदार, सून शमशाद आणि नात सलिमा मस्कतला गेली. दिलदार आधी उद्यमनगरच्या कारखान्यात लेथवर टर्नर व्हता. तीन वर्षं झाली मस्कतला हाय. महिनाभर सुट्टीवर आलता, जाताना बायको-पोरीला घेऊन गेला. चांगलं झालं. बायको-पोर नवऱ्याजवळच पायजे. सलिमा चार वर्षांची हाय. मुंबईच्या गाडीत बसल्यावर म्हणाली, “दादी, तू मागच्या गाडीनं ये.” मी म्हटलं येते की.

विठाबाई शेजारीण तिळगूळ घेऊन आली, घर बघून म्हणाली, “चाची, किती मोठं दिसाय लागलं घर.” दोन खोल्याच हायत.

आणि आज काय सांगू! केर काढताना फळीवर काळ्या चामड्याची पेटी दिसली. दिलदारचा कॅमेरा! घाईत विसरला लेकरू. मला इतका आनंद झाला की केर तसाच टाकून मी खाली बसले. एवढी जपानी वस्तू, आता त्याला यावंच लागंल न्यायला.

महिनाभर त्यानं त्यात फोटो काढले. सलिमा कोंबडीमागं पळताना, सलिमा आणि मी रंकाळ्यावर भेळ खाताना, मी तिची वेणी घालताना. माझा जन्मातला पहिला फोटो. दिलदारचे वडील मौलाली टांगा चालवायचे, त्यांना फोटो पटत नव्हता. म्हणायचे, माणूस डोळ्यापुढं हाय की, कागद कशाला. त्यांचाबी न्हाय, माझाबी न्हाय. नऊ वर्षं झाली त्यांना जाऊन. मला त्यांचं नाक आठवतंय, मिशी आठवती, हसताना दिसायचा तो दात आठवतोय. पर सगळं मिळून तोंड येत न्हाय. हे कुणाला सांगितलं न्हाय, इथंच लिहिते.

चार ओळी म्हणालती आक्का. बघा किती झाल्या.

१९ जानेवारी

कॅमेरा पुसला. मऊ फडकं घेतलं. परत पेटीत ठेवला.

२ फेब्रुवारी

दिलदारचं पत्र आलं! आक्काकडं न जाता माझं मी वाचलं. तीन वेळा वाचलं. तब्येत बरी हाय, हवा कोरडी हाय. सलिमाला तिथल्या शाळेत घालणार. मग कॅमेऱ्याचं. लिहितोय, “अम्मा, कॅमेरा राहिला त्याची काळजी करू नकोस. मी इथं नवा घेतला. तो विकून टाकू. पण आधी तसला कॅमेरा ज्यांच्याकडं आहे त्यांना विचार, त्यांचं मत काय, म्हणजे गिऱ्हाइकाला सांगायला बरं. आणि आत रोल आहे, तेवढा धुवून पाठव. सलिमाचे आणि तुझे सगळे फोटो त्यातच आहेत.”

नवा घेतला म्हंजे दोन झाले. एक तिथं, एक इथं. आल्यावर इथं एक लागंलच की.

मला काम मिळालं. उद्यापासून जाते.

४ फेब्रुवारी, शनिवार

आकारामकडं गेलते. आकाराम एस.टी.त क्लार्क हाय, पलीकडच्या बोळात राहतो. त्याच्याकडं अगदी असाच कॅमेरा हाय, दुबईवरून आलेल्या माणसाकडनं घेतलेला. मी कॅमेरा गळ्यात घालून गेले, म्हंजे हातातनं पडायला नको. वाटेत तिघांनी विचारलं, “चाची, काय लग्नाची ऑर्डर का?” मी म्हटलं व्हय, तुझंच हाय.

आकाराम म्हंजे नुसता कुरकुऱ्या. त्याचं मत असं: एक, जड हाय. जोतिबाचा डोंगर चढताना गळ्यात धोंडा बांधल्यागत वाटतंय. दोन, आत सुई हाय ती उजेड दाखवती, पर सेल संपला की मरती, आणि सेल कोल्हापुरात मिळत न्हाय. तीन, आवाज. “चाची, कडी लावल्यागत आवाज येतोय. आमच्या हिचा एक फोटो डोळं उघडं ठेवून आला न्हाय.”

त्याची बायको आतनं म्हणाली, “कॅमेऱ्यावर कशाला ढकलता? तुम्ही ‘हां, हां, अजून थांब’ म्हणत अर्धा तास उन्हात उभं करता. डोळं मिटणार न्हाईतर काय!”

पर आकाराम मनानं चांगला. त्यानं माझ्या कॅमेऱ्यातला रोल बघितला, म्हणाला संपलाय. वरची कडी कुरकुर फिरवली आणि रोल काढून दिला. केवढासा डबा, मुठीत मावंल एवढा. म्हणाला, “झालं. आता फक्त धुवायचा.”

मी विचारलं, “गरम पाण्यात का थंड?”

म्हणाला, “थंडच. गरम पाण्यानं वरचा थर ओघळतोय म्हणं.”

बरं झालं विचारलं. मी गरमच घेणार व्हते.

च्या झाला, पोहे झाले. कॅमेरा गळ्यात असला की लोक बसा म्हणतात. एरवी दारातनंच बोलतात.

६ फेब्रुवारी

दातांच्या डॉक्टरकडंबी असला कॅमेरा हाय असं विठाबाईनं सांगितलं. गेले. दातासाठी आलेली माणसं गाल धरून बसलीवती, मी कॅमेरा धरून. डॉक्टर राधानगरीच्या जंगलात पाखरांचे फोटो काढायला जातात. त्यांचं मत: काच एक नंबर, सुई खोटं बोलत न्हाय, पावसात तीनदा भिजला तरी चालू. फक्त पाखरू आवाजानं उडून जातंय. मला त्यांनी एका पाखराचा फोटो दाखवला, नुसती फांदी व्हती. म्हणाले, “इथं होतं.”

दिलदारला दोघांचंबी लिहिते. एक म्हणतोय घ्यायची चूक झाली, एक म्हणतोय जन्मभर ठेवीन. कॅमेरा एकच. माणसं येगळी.

९ फेब्रुवारी, गुरुवार

आज रोल धुतला.

कालपासनं तयारी. रिठे भिजत घातलेवते. साबण न्हाय वापरला, सोडा तर न्हाईच. माझ्या लग्नातला शालू मी रिठ्यानंच धुते, अजून रंग हाय त्याचा. डब्याचं टोपण सांडशीनं काढलं, आतनं ही लांब पट्टी निघाली, दोन्ही कडंला भोकं भोकं. अंगणात पितळी परात मांडली. थंड पाणी, आकारामनं सांगितल्यासारखं.

बाई गं, किती मळ निघाला! पाणी च्यासारखं झालं. तीन पाणी बदललं. चौथं पाणी नितळ आलं तवा जिवाला बरं वाटलं. दिलदार म्हणाला असता, अम्मा तुझ्या हातचं धुणं म्हंजे धुणं.

पट्टी उजेडाकडं धरून बघितली. सलिमा दिसली न्हाय. ओली हाय म्हणून असंल. वाळल्यावर दिसंल. उन्हात न्हाय घातली, रंग उडंल. आतल्या खोलीत दोरीवर चिमटे लावून सोडली. आता लिहिताना ती समोर हलती.

१० फेब्रुवारी

वाळली. दिसत न्हाय अजून. करडं करडं, धुकं पडल्यागत. चष्मा लावून बघितलं, चष्मा काढून बघितलं.

मला वाटतंय कागदावर उतरवल्यावर दिसत असंल. ते काम स्टुडिओचं. उद्या जाते. पट्टी दोऱ्याच्या रिकाम्या रिळावर गुंडाळली, मलमलच्या फडक्यात बांधली.

११ फेब्रुवारी

हंबीररावाच्या स्टुडिओत गेले. हंबीरराव लग्नाचे फोटो काढतो, त्याचाबी कॅमेरा असाच हाय. आधी मी त्याचं मत विचारलं, कारण ते काम पहिलं.

“चाची, आठ वर्षं ह्याच्यावर लग्नं मारली. दोनदा मांडवात खाली पडला, एकदा आमटीत. पुसला आणि परत सुरू. ह्याच्याहून भारी कॅमेरे हायत, हलके हायत, पर ते मालकाला मिजास दाखवतात. ह्यो बैलागत हाय. जुपला की चालला.”

मी ते पाठ केलं आणि मग फडकं सोडलं.

त्यानं रीळ घेतलं. पट्टी हातभर सोडून दिव्यापुढं धरली. मग आणखी हातभर. मग सगळी. उलटी करून परत धरली.

“चाची, ही कुणी धुतली?”

“मी. रिठ्यानं. लई मळ व्हता, तीन पाणी बदललं.”

बाकावर लायसनच्या फोटोसाठी बसलेला एक माणूस खो खो हसाय लागला. हंबीरराव त्याच्यावर खेकसला, “हसतोस काय? तोंड मिट, न्हाईतर तसाच फोटो काढीन.” मग स्वतः स्टूल ओढून माझ्यासमोर बसला. म्हणाला, रोल उजेडात काढायचाच नसतोय. अंधाऱ्या खोलीत, औषधाच्या पाण्यात, तवा फोटो वर येतात. रंगीत रोल तर तोबी पुण्याला पाठवतो. उजेड लागला की सगळं गेलं.

मी म्हटलं, “थोडं तरी?”

“न्हाय चाची.”

“एकबी?”

“कोरा झालाय.”

मी म्हटलं, “मग त्याला धुणं का म्हणता?”

तो म्हणाला, “आमच्यात तसाच शब्द पडलाय.”

तुमचा शब्द पडलाय आणि माझी सलिमा गेली, असं तोंडात आलं, पर बोलले न्हाय. त्या माणसाची काय चूक. त्यानं सोडा मागवला, मी दोन घोट घेतले. पट्टी परत फडक्यात बांधून दिली त्यानं, नीट, दोन गाठी मारून.

१९ फेब्रुवारी

वर्गाला गेले न्हाय.

२७ फेब्रुवारी

हंबीरराव दारात आलता. म्हणाला, “चाची, माझ्यावर ढकला. पोराला लिहा, स्टुडिओत खराब झाला. आमच्याकडं होतंय असं कधी कधी.” चांगला माणूस.

तो गेल्यावर पत्र लिहिलं, “स्टुडिओवाल्यानं रोल घालवला.” सरळ अक्षर आलं, काना-मात्रा सगळं बरोबर. आक्कानं बघितलं असतं तर शाबासकी दिली असती.

दिलदार लहान असताना शाळेत मास्तरांनी पालकांची सही मागितली की मौलालीच अंगठा द्यायला जायचे. मी गेले की पोरगं मागं मागं राहायचं. एकदा म्हणालं, “अम्मा, तू दारातच थांब, तुला तिथलं कळायचं न्हाय.” त्यात काय खोटं व्हतं? कळत नव्हतंच. आता कळतंय असं वाटत व्हतं.

पत्र टाकलं न्हाय. डायरीत ठेवलंय.

१२ मार्च

शमशादचं पत्र! सून आपणहून लिहिती ही केवढी गोष्ट. सलिमा शाळेत जाती. अरबी गाणं म्हणती. आणि पुढं लिहिलंय, “सलिमा विचारत होती, दादी कशी दिसते? फोटो लवकर पाठवा म्हणजे दाखवता येईल.”

माझी आठवण काढती! विठाबाईला वाचून दाखवलं. विठाबाई म्हणाली, “बघा की, विसरली न्हाय पोर.” आणि मग उगाच भांडी घासायला उठली. माझीच भांडी.

दुपारी पडले तवा ते वाक्य परत आठवलं. कशी दिसते, असं विचारती. ज्याला दिसतंय तो कशाला विचारंल? दोनच महिने झाले. तिचं वय तरी काय. मला साठीला मौलालीचं तोंड येत न्हाय, तिला चौथ्या वर्षी माझं कुठनं येणार. आधी माझी वेणी घालायची पद्धत जाईल, मग आवाज, मग नाक. कुणी रागावण्यासारखं न्हाय ह्यात.

पर मला ते नको हाय. एवढं एकच लिहिते. मला तिनं विसरायला नको हाय.

१४ मार्च

हंबीररावाकडं गेले. म्हटलं, “मला फोटो काढाय शिकीव.”

“तुम्ही बसा चाची, मी काढतो की. पाच मिंटाचं काम.”

“तुझ्या स्टुडिओत ती ताजमहाल रंगवलेली भिंत हाय. तिला माझं घर दाखवायचंय. आणि कॅमेरा माझ्याकडं हाय, मग मत नको माझंबी? तिघांची झाली. मालकाचं पहिलं पायजे.”

हसला. काळ्या-पांढऱ्याचा रोल घालून दिला. म्हणाला, हा मी हितंच धुतो. मग जीभ चावली.

सुई मधोमध आणायची, काच फिरवायची, कळ दाबायची. आतनं बघितलं की मधल्या गोलात माणूस दोन तुकड्यांत दिसतंय. वरचं कपाळ एकीकडं, खालचं तोंड एकीकडं. काच फिरवत न्यायची, दोन्ही तुकडे एकावर एक आले की माणूस पुरा झाला. तवा दाबायचं. हे मला लई आवडलं. पुरं माणूस व्हायला किती थोडं फिरवावं लागतंय.

२५ मार्च, रविवार

विठाबाईवर सराव केला. तिचं नाक एकीकडं, कुंकू एकीकडं. मी म्हटलं, “हलू नको, तुझं नाक गालावर गेलंय.”

“जाऊ दे, माझ्या नवऱ्यानं तीस वर्षांत बघितलं न्हाय कुठं हाय ते.”

दोघी इतक्या हसलो की कॅमेरा हलला. तो फोटो फुकट गेला. जाऊ दे.

पर घरी आल्यावर लक्षात आलं. जो काढतोय तो फोटोत येत न्हाय. दिलदार महिनाभर काढत व्हता, तो एकातबी नव्हता. कुणाच्या ध्यानात आलं न्हाय. आता विठाबाईला शिकवावं तर ती कळ दाबताना डोळं मिटती. कॅमेऱ्याचा एक आणि तिचे दोन, तिन्ही डोळे एकदम मिटतात.

८ एप्रिल

हंबीररावानं सांगितलं, कॅमेऱ्याच्या पुढं एक छोटा दांडा हाय. तो खाली ओढायचा, कळ दाबायची, तो कुर्रर्र करत दहा आकड्यांत वर जातोय आणि आपोआप फोटो निघतोय. तोवर आपण पुढं जाऊन बसायचं. आपलं आपण! कुणी लागत न्हाय.

पर तुकडे जुळवायचे कुणावर? मी तर कॅमेऱ्यामागं. मग डोकं चालवलं. स्टुलावर माझ्या जागी तांब्याची कळशी ठेवली, तिच्यावर तुकडे जुळवले. मग दांडा ओढायचा, धावत जायचं, कळशी काढायची, बसायचं.

सकाळपासनं तेच केलं. कॅमेरा पिठाच्या डब्यावर. कुर्रर्र, चल चाँदबी. गुडघे काय चालतात माझे! एकदा बसायच्या आधीच खट्. एकदा कळशी काढायला वाकले आणि खट्. एकदा बसले, पर पदर दाराच्या कडीला अडकला. एकदा सगळं नीट झालं, सावरून बसले, कॅमेऱ्याकडं बघितलं, वाट बघितली, बघितली, आणि कळलं की दांडाच ओढला नव्हता. तशीच किती वेळ बसले कुणास ठाऊक. पलीकडनं अजान झाली तवा उठले.

दिवसभर घरात कुणी नव्हतं आणि तरी दिवस कसा गेला कळलं न्हाय.

२० एप्रिल

फोटो आले! हंबीररावानं रोल धुतला, म्हंजे औषधात. छत्तीस. विठाबाईचे सहा, त्यात दोन बरे. मांजराचे तीन. एक नुसती भिंत. बाकी मी. न्हाय, मी म्हणायला न्हाय. माझी पाठ. माझा पदर. रिकामं स्टूल. रिकाम्या स्टुलाचे चार निघाले. हंबीरराव एक एक पुढं ठेवत गेला, आणि तो लायसनवाला माणूस आज नव्हता हे बरं झालं.

शेवटी एक ठेवला आणि म्हणाला, “ह्यो बघा.”

कळशी खाली ठेवायला वेळ मिळाला नव्हता. मी तशीच बसलेली, कळशी मांडीवर, दोन्ही हात तिच्याभोवती. तोंड साफ आलंय. प्रत्येक सुरकुती. मी म्हटलं, ही तर माझी आई. हंबीरराव म्हणाला, चाची, तुम्हीच हाय.

म्हंजे मी अशी दिसते तर. बरी दिसते की.

घरी येऊन ते जुनं पत्र फाडलं. नवं लिहिलं. ह्यात काना-मात्रा चुकल्यात, तसंच टाकलं. “दिलदार, रोल मी स्वतः रिठ्याच्या पाण्यात धुतला. फोटो सगळे गेले. कुणाची चूक न्हाय, माझी हाय. तू धुवून पाठव लिहिलंस, मी धुतला. सलिमाला हा एक फोटो देणे. ही तिची दादी. कॅमेऱ्याबद्दल आकाराम वाईट म्हणतोय, डॉक्टर आणि हंबीरराव चांगला म्हणतात. माझं मत अजून व्हायचंय.”

१८ मे

पत्र आलं. दुपारी आलं, तवापासनं विठाबाईला चारदा वाचून दाखवलं.

दिलदार लिहितोय, “अम्मा, तू रिठ्यानं रोल धुतलास हे वाचून मी कारखान्यात सगळ्यांना सांगितलं, दिवसभर हसलो. रात्री झोप आली नाही. यंदा सुट्टी मिळणं कठीण आहे. पुढच्या वर्षी बघू. कोडोलीचा एक माणूस माझ्यासोबत आहे, त्याचा भाऊ कॅमेरा घ्यायला येईल. त्याला देऊन टाक, तुला कशाला ताप.”

कठीण हाय म्हणतोय. कठीण म्हंजे न्हाईच असं न्हाय. पर न्हाईच असंल तर तेबी आता मला वाचता येतंय.

आणि खाली शमशादनं लिहिलंय. ते जसंच्या तसं उतरवते, म्हंजे पत्र हरवलं तरी राहील. “फोटो सलिमाला दिला. तिनं पुष्कळ वेळ बघितला. मग रुसून बसली. विचारलं काय झालं, तर म्हणते, दादीच्या मांडीवर कळशी का बसलीय? तिथं मी बसते.”

तिथं मी बसते.

माझं तोंड तिला आठवलं का न्हाय, ते शमशादनं लिहिलं न्हाय. नसंल आठवलं. पर जागा आठवली. विठाबाई म्हणाली, “आता रडता कशाला?” मी म्हटलं, रडत न्हाय, चष्मा धुते.

२७ मे, रविवार

कोडोलीचा पावणा आला. तरणाबांड, पायात करकर वाजणाऱ्या नव्या वहाणा. दारातनंच ओरडला, “चाची हायत का? कॅमेरा बघाय आलोय!” मी म्हटलं, या पावणं, बसा. च्या टाकला.

त्यानं कॅमेरा उलटसुलट बघितला. “चाची, खरं सांगा. मालकाचं मत काय?”

आजवर मी सगळ्यांना विचारत आले, आज मला कुणी विचारलं. मी नीट बसले.

“जड हाय. गळ्यात घातला की मान दुखती, पर वाटेत चार माणसं थांबून बोलतात. सुई खरं सांगती. आवाज लई मोठा, रिकाम्या घरात तर दचकायला होतंय. मग सवय लागती, मग त्या आवाजाची सोबतच होती. काच अशी की आपण आईसारखं दिसतो हे पहिल्यांदा कळतंय. एकच खोड. तो दांडा दहा आकडेच मोजतोय. तेवढ्यात माणसानं जाऊन बसावं म्हणं. त्या जपान्यांच्या घरात म्हाताऱ्या बायका न्हाईत का काय कोण जाणे.”

पावणा हसला. “म्हंजे चांगला हाय. मग नेतो की.”

“आत नवा रोल हाय, हंबीररावानं परवाच घालून दिलाय.”

“संपवून टाका की आत्ता. माझेच काढा चार.”

“असा संपवायचा न्हाय तो. महिन्याला एकच काढणार. हंबीरराव अंधारात तेवढाच तुकडा कापून धुणार, बाकीचा परत आत घालणार, तसं बोलणं झालंय. कापण्यात दोन-चार वाया जातील, जाऊ देत. नात हाय माझी मस्कतला, तिला महिन्याला एक जाणार.”

“मग संपंल कवा?”

“तिला काय घाई न्हाय. मलाबी न्हाय. संपला की तुम्हाला कळवीन. लिहायला येतंय मला.”

त्यानं कॅमेरा परत पेटीत ठेवला. मग म्हणाला, “चाची, भावाला काय सांगू?”

“सांगा, मालकीण चांगलं मत सांगती, पर कॅमेरा देत न्हाय.”

च्या पिऊन गेला. वहाणांचा आवाज बोळाच्या तोंडापर्यंत ऐकू आला, मग गेला.

मे महिन्याचा अजून काढायचाय. दार उघडून ठेवलंय, उजेड बरा हाय. स्टुलावर कळशी मांडून तुकडे जुळवून ठेवलेत. पर आज कळशी काढून खाली ठेवणार, आणि मगच बसणार. दहात न्हाय जमलं तर परत, परत न्हाय जमलं तर आणखी परत. मांडी रिकामी आली पायजे. तिला तिची जागा दिसाय पायजे.